तिसरी रात्र



सुरुवातीलाच तुम्हाला एक प्रश्न विचारते. ज्यांच्या घरात कोणी घोरतं, त्यांनी हात वर करा.

बघा, निम्म्या सभागृहाचे हात वर आले, आणि त्यात बायकांचे हात जास्त. आता दुसरा प्रश्न. जे स्वतः घोरतात त्यांनी हात वर करा. दोन. तेही शेजारच्यानं कोपर मारल्यावर. यात कोणी काही लपवतंय असं नाही. स्वतःचं घोरणं स्वतःला ऐकूच येत नाही. आज मला जे सांगायचंय ते सगळं या दोन प्रश्नांमधल्या अंतरात आहे. झोपेत श्वास अडण्याचा आजार ज्याला असतो त्याला तो दिसत नाही, शेजारी जागणाऱ्याला दिसतो. आणि आपण त्या जागणाऱ्या माणसाला कधीच काही शिकवत नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे. तीस वर्षं भूल दिली. ऑपरेशन कसं झालं हे सर्जनला विचारतात, आमच्याकडे फार कोणी बघत नाही, आणि ते ठीकच आहे. पण रुग्णाचा श्वास ऑपरेशनभर आमच्या हातात असतो. तो घरी जातो तेव्हा तो श्वास आम्ही कोणाच्या हातात देतो? हा प्रश्न मला फार उशिरा पडला, आणि तोही स्वतःच्या घरात.

तिथे येण्याआधी घोरण्याबद्दल थोडं बोलू. कन्नडात गोरके, मराठीत घोरणं. दोन्ही शब्दांत तो आवाजच भरलेला आहे. आपल्या भाषेत घोरणं म्हणजे सुख. ‘निवांत घोरत पडलाय’, ‘ढाराढूर झोपलाय’. दिवसभर राबलेला माणूस घोरू लागला की घरातले दबक्या पावलांनी चालतात, दार हळू लावतात. ही माया आहे. पण तो आवाज येतो कुठून? झोपेत जीभ, पडजीभ, मऊ टाळू, घशाच्या भिंती यांचे स्नायू सैल पडतात. वाट अरुंद होते, आणि अरुंद वाटेतून जोरानं ओढलेली हवा त्या सैल भागांना फडफडवते. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. घोरणं म्हणजे अडलेला श्वास.

काही जणांत ती वाट नुसती अरुंद होत नाही, पूर्ण मिटते. छाती हलते, पोट वर-खाली होतं, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, एक मोठा घुसमटल्यासारखा आवाज येतो, वाट उघडते आणि परत घोरणं सुरू. सकाळी त्या माणसाला यातलं काहीही आठवत नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. ॲप्निया म्हणजे श्वास नसणं. तासाला असे पाच झटके आले तर आजार धरतात, तीसच्या वर गेले तर तीव्र म्हणतात. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. रात्रभर.

हा आजार आपल्याकडे किती? मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया यांनी हिंदुजा रुग्णालयात ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ साली आकडा मांडला: दिवसा झोप येण्यासारखी लक्षणं असलेला ॲप्निया ७.५ टक्के पुरुषांत. शंभरात सात-आठ. मग २०२२ साली संगीतकार बप्पी लाहिरी गेले, आणि हा शब्द पहिल्यांदा घराघरांत पोचला. महिनाभर रुग्णालयात काढून ते सोमवारी जुहूच्या घरी आले. मंगळवारी प्रकृती बिघडली, पुन्हा रुग्णालयात नेलं, आणि १५ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीच्या सुमारास ते गेले. डॉक्टरांनी कारण सांगितलं ते स्लीप ॲप्नियाचं. त्यांचं दुखणं गुंतागुंतीचं होतं, त्यावर दुरून निदान करणं मला शोभणार नाही. ते दुखणं ऑपरेशनचंही नव्हतं. पण रुग्णालयातून घरी येण्यातला आणि बिघडण्यातला तो एका दिवसाचा अवधी माझ्या मनातून जात नाही.

आता माझ्या मामाची गोष्ट. मामा-मामी इथेच, म्हैसूरच्या हेब्बाळ तलावापासून चालत दहा मिनिटांवर राहतात. इन्फोसिस फाउंडेशननं तलाव पुन्हा जिवंत केला, तेव्हापासून मामा रोज सकाळी तिथे फेऱ्या मारायचा. मग गुडघे गेले. उजवा गुडघा बदलायचं ठरलं. मामाला तीव्र स्लीप ॲप्निया आहे हे आम्हाला चार वर्षं ठाऊक होतं. झोपेत हवेच्या दाबानं घशाची वाट उघडी ठेवणारं सीपॅपचं मशीन घरात होतं, तो ते वापरतही होता. ऑपरेशन सोमवारी झालं, उत्तम झालं. मंगळवारी मामा वॉकर धरून चालला. बुधवारी दुपारी डिस्चार्ज मिळाला. सगळे आनंदात. मीही म्हैसूरच्या दुसऱ्या टोकाला माझ्या कामात होते आणि फोनवर म्हटलं, ‘मामा, आता आराम कर.’

मशीनबद्दल मी विचारलं नाही. भूलतज्ज्ञ असून विचारलं नाही. डिस्चार्जच्या कागदावर टाक्यांबद्दल होतं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल होतं, व्यायामाची चित्रं होती; झोपेत श्वास अडतो त्याबद्दल एक ओळ नव्हती. मशीन कपाटात होतं, कारण मामीला वाटलं, आधीच पायाला एवढं बांधलंय, आता नाकाला कशाला. रात्री दहाला मामानं ट्रॅमाडॉलची गोळी घेतली. दुखणं थांबेना, झोप येईना, म्हणून मामीनं तिच्या डब्यातली झोपेची अर्धी गोळी दिली. पाय उशीवर, मामा उताणा. अकराला घोरायला लागला. मामी सांगते, ‘मला इतकं बरं वाटलं गं. दोन रात्री डोळा लागला नव्हता त्यांचा.’

अडीचला तिला जाग आली ती आवाजानं नव्हे, शांततेनं. घोरणं थांबलं होतं. तिनं छातीकडे पाहिलं. छाती हलत होती, पण नाकाशी हात धरला तर वारा नाही. मग एक घरघर. मग परत काही नाही. तिनं हाका मारल्या, चिमटा काढला. मामा ‘हं’ म्हणाला आणि परत बुडाला. मग तिनं मला फोन केला.

मी तिला काय सांगितलं ते पुढे सांगते. मामा वाचला, ही गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्ही बाकीचं शांतपणे ऐकाल. आता मात्र विचारा: सोमवारी ऑपरेशन, सोमवारची रात्र ठीक, मंगळवारची ठीक, मग बुधवारीच का?

ऑपरेशननंतर श्वासावर दोन वेगवेगळ्या लाटा येतात. पहिली पहिल्या चोवीस तासांची. अंगात भुलेचं औषध शिल्लक असतं, वर दुखण्यावर मॉर्फीन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल यांतलं काही दिलेलं असतं. ही सगळी अफूच्या जातकुळीची औषधं. ती दुखणं मारतात आणि त्याचबरोबर मेंदूतली श्वासाची घंटाही बोथट करतात. एरवी वाट मिटली की मेंदू घाबरून उठतो. या औषधांखाली तो उठायला उशीर लावतो, आणि ॲप्नियाच्या माणसाचा जीव तर त्या उठण्यावरच टिकून असतो! घशात नळी घातलेली असते, त्यानं किंचित सूज येते, रुग्ण उताणा असतो, जीभ मागे पडते. पण या रात्री तो रुग्णालयात असतो, बोटाला प्राणवायूचा आकडा दाखवणारं यंत्र असतं, नर्स येऊन बघते.

दुसरी लाट लोकांना ठाऊकच नसते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन रात्री झोप येते ती तुटकी, उथळ. स्वप्नांची जी झोप असते, डोळे मिटल्या पापण्यांखाली भिरभिरतात ती, या दोन रात्री जवळजवळ नाहीशी होते. शरीर ते कर्ज विसरत नाही. तिसऱ्या रात्रीपासून ते व्याजासकट वसूल करायला लागतं. आणि स्वप्नांच्या झोपेत अंगाचे बहुतेक स्नायू लुळे पडतात, घशाचेही. टोरोंटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशन झालेल्या लोकांची झोप रात्रीमागून रात्र मोजली, तेव्हा श्वास अडण्याचा कळस आढळला तो तिसऱ्या रात्री.

तिसऱ्या रात्री आपला माणूस कुठे असतो? आता रुग्णालयं लवकर घरी सोडतात, आणि ते चांगलंच आहे. घरी जंतुसंसर्ग कमी, मन प्रसन्न. पण ज्या रात्री श्वास सगळ्यात जास्त अडणार, नेमकी ती रात्र घरी येते. बोटाला यंत्र नाही, नर्स नाही. आहे ती मामी.

मराठी माणूस म्हैसूरला नवा नाही. तंजावरच्या मराठी घराण्यातले टी. आनंदराव १९०९ ते १९१२ इथले दिवाण होते. नवी आहेत ती आपली घरं. पूर्वी आजाऱ्याभोवती आत्या, काकू, जावा, कोणी ना कोणी जागं असायचंच. आज हेब्बाळमध्ये मी बघते: एक मुलगा पुण्यात, एक मुलगी न्यू जर्सीत, आणि घरात सत्तरीची दोन माणसं. किंवा उलट, मुलगा इथल्या इन्फोसिसच्या आवारात नोकरीला, आणि साताऱ्याहून, नांदेडहून आई-वडील ऑपरेशनसाठी त्याच्याकडे आलेले. भाषा नवी, डॉक्टर नवा, मशीन मात्र सातारच्या घरी राहिलेलं.

म्हणून पहिली गोष्ट ऑपरेशनच्या आधीची. भुलेच्या तपासणीला जाल तेव्हा आपणहून सांगा. विचारायची वाट बघू नका. ज्यांचं निदान झालेलं नाही त्यांच्यासाठी याच डॉ. चुंग यांनी २००८ साली आठ साधे प्रश्न तयार केले, ते आता जगभर वापरतात. दाराबाहेर ऐकू जाईल असं घोरता का? दिवसा थकवा, पेंग येते का? झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिलाय का? रक्तदाब आहे का? शरीराचं वजन उंचीच्या मानानं फार आहे का? वय पन्नासच्या वर? गळ्याचा घेर चाळीस सेंटीमीटरच्या वर, म्हणजे शर्टाची कॉलर सोळाच्या पुढे? पुरुष आहात का? तीन ‘हो’ आले तरी भूलतज्ज्ञाला सांगा, पाच आले तर जरूर सांगा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र रुग्णाला देताच येत नाही, म्हणून तपासणीला जोडीदाराला घेऊन जा.

इथे बायकांबद्दल थोडं थांबते. आठवा प्रश्न पुरुष आहात का असा आहे, त्यामुळे हा पुरुषांचाच आजार असं वाटतं. पाळी गेल्यानंतर बायकांत तो झपाट्यानं वाढतो. त्यांचं घोरणं कधी हळू असतं, तक्रार वेगळी असते: सकाळी डोकं दुखतं, झोप लागत नाही, सतत थकवा. मग थायरॉइड तपासतात, लोहाच्या गोळ्या देतात, ‘टेन्शन घेऊ नका’ सांगतात. आणि ज्या बाईचा नवरा गेलाय, जी आतल्या खोलीत एकटी झोपते, तिचा श्वास अडलेला पाहिलाय कोणी? तिचं ऑपरेशन ठरलं तर मुलींनो, सुनांनो, आधी दोन रात्री तिच्या खोलीत झोपा. नुसतं ऐका. बारीक अंगाचे आहोत म्हणूनही निश्चिंत राहू नका. आपल्याकडे जबड्याची ठेवण लहान असलेल्या सडपातळ माणसांतही हा आजार सापडतो.

दुसरी गोष्ट डिस्चार्जच्या दिवसाची. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ साली एक साधी कसोटी सांगितली. ॲप्नियाच्या रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी तो नुसता बसलेला असताना बोटाचा आकडा पाहू नका. त्याला झोपू द्या, हलवू नका, ऑक्सिजनची नळी काढलेली असू दे, आणि मग झोपेत प्राणवायू टिकतो का बघा. बसलेल्या, गप्पा मारणाऱ्या माणसाचा आकडा बहुधा चांगलाच येतो. तुम्ही हा प्रश्न विचारा: ‘डॉक्टर, हे झोपेत असताना, ऑक्सिजनशिवाय, आकडा किती राहिला?’ सरकारी कृष्णराजेंद्र रुग्णालय असो, केआरएस रस्त्यावरची जयदेव हृदयरोग संस्था असो की कोपऱ्यावरचं छोटं नर्सिंग होम, हा प्रश्न विचारण्याचा हक्क सगळीकडे आहे. कन्नड येत नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्या.

आता घर. घरातलं पहिलं काम म्हणजे मशीन.

१९८१ च्या आधी तीव्र ॲप्नियावर एकच खात्रीचा उपाय होता: गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवणं. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांना एक बांधकाम कामगार भेटला, त्याला ते भोक नको होतं. सुलिव्हन यांनी व्हॅक्युम क्लीनरच्या मोटरीवर एक यंत्र जुळवलं, ते हवा ओढण्याऐवजी नाकातून हळू दाबानं आत सोडत राहिलं. घशाची वाट फुग्यासारखी उघडी राहिली. तो कामगार कित्येक वर्षांनी पहिल्यांदा शांत झोपला. आजचं सीपॅप मशीन तेच आहे, फक्त लहान, हलकं, आवाज न करणारं. रुग्णालयात जाताना ते बॅगेत हवं, मास्कसकट. आणि घरी आल्यावर दरेक झोपेला हवं. दरेक म्हणजे दुपारची डुलकीही. जेवण झालं, टीव्ही चालू आहे, आरामखुर्चीत डोळा लागला, तरी मास्क. औषधाला दिवस-रात्र कळत नाही.

नाकाचं, सायनसचं किंवा नाकावाटे मेंदूच्या तळाशी केलेलं ऑपरेशन असेल तर काही दिवस मशीन बंद ठेवायला सांगतात. त्या वेळी सर्जनला विचारा, ‘मग या रात्रींसाठी काय?’ उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून उठू नका. आणि कोविडनंतर पुष्कळ घरांत ऑक्सिजनचं यंत्र पडून आहे. ते मशीनच्या जागी लावू नका. ऑक्सिजन बोटावरचा आकडा सुंदर ठेवतो, पण घशाची वाट उघडत नाही. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि बाहेर आकडा पंच्याण्णव दाखवतो.

मशीन विजेवर चालतं, आणि आपल्या भागात पावसाळ्यात वीज जाते. इन्व्हर्टर असेल तर मशीनची वायर आधीच त्याच्या प्लगमध्ये लावून ठेवा. आर्द्रतेचा हीटर बंद केला तर ते फार थोडी वीज खातं. इन्व्हर्टर नसेल आणि वीज गेली तर मास्क लगेच काढा, आणि रुग्णाला बसवा. एरवी हवा थांबली की माणूस आपणच मास्क ओढून काढतो. गोळीच्या अमलाखाली तो काढेलच असं नाही. मशीनच्या भांड्यात डिस्टिल्ड पाणी घाला. आपल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर तुम्ही गिझरमध्ये पाहिलाच आहे.

मग झोपण्याची पद्धत. उताणं नको, सपाट नको. आपल्या भाषेनं हे केव्हाच सांगून ठेवलंय: वामकुक्षी. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. कुशीवर जीभ मागे पडत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कुशीवर वळणं जड जातं; दोन गुडघ्यांमध्ये उशी घालून फिजिओथेरपिस्टकडून आधीच शिकून घ्या. खुब्याचं ऑपरेशन असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय वळू नका. वळता येतच नसेल तर पाठीशी लोड, तक्के रचून धड तीसेक अंशांत उंच ठेवा. नुसती डोक्याखाली उशी घातली तर मान मुडपते आणि वाट आणखी मिटते. उंच करायचं ते कंबरेपासून.

आता गोळ्या. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण घरात जे घडतं ते इथे घडतं.

दुखणं सोसा असं मी म्हणत नाही. दुखत असताना माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही, आणि त्यातून वेगळी संकटं येतात. पण दुखण्याचा पाया साध्या औषधांवर रचा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं पॅरासिटामॉल घड्याळ लावून घ्या, दुखणं वर चढण्याची वाट न पाहता. बर्फ लावा. चालत असेल तिथे सूज उतरवणारी गोळी, पण मूत्रपिंड, पोट, हृदय यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. शक्य असेल तर भुलेच्या वेळीच पायाची नस बधिर करून घेण्याबद्दल बोला. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल यांसारख्या गोळ्या शेवटी, कमीत कमी, आणि डॉक्टरांनी ॲप्निया आहे हे ठाऊक असूनच लिहून दिलेल्या असल्या तर. ट्रॅमाडॉल कित्येकदा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत येतं, म्हणून गोळीचं नाव नव्हे, पाकिटावरचे बारीक घटक वाचा. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन या नसांच्या गोळ्या निरुपद्रवी समजून सर्रास देतात. त्यांनीही श्वास मंदावू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्ये दिला.

आणि झोपेची गोळी? घरातल्या डब्यातली, शेजारणीनं दिलेली, ‘अर्धी घे, काही होत नाही’ म्हणून दिलेली? त्या दिवसांत अजिबात नको. दोन औषधं मिळून श्वासाला जेवढं दाबतात तेवढं एकटं कुठलंच दाबत नाही. पेंग आणणारी सर्दीची गोळी, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, आणि ‘झोप येईल’ म्हणून घेतलेला एक पेग, ही सगळी एकाच कुळातली समजा. मामीनं अर्धी गोळी दिली ती मायेनं. चूक तिची नव्हती, तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

लहान मुलांबद्दल एवढंच: टॉन्सिल, ॲडेनॉइड सुजल्यामुळे झोपेत श्वास अडणारी मुलं असतात, आणि त्यासाठीच ऑपरेशन होतं. काही मुलांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फीन फार वेगानं होतं. अशा मुलांचे मृत्यू झाल्यावर २०१३ मध्ये अमेरिकेत टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध कडक इशारा निघाला, २०१७ मध्ये ट्रॅमाडॉलवरही बंधन आलं. घरातल्या मोठ्या माणसाचं खोकल्याचं औषध मुलाला चमचाभरही देऊ नका.

आता जागणाऱ्याकडे येते. मामीनं अडीच वाजता फोन केला तेव्हा मी तिला काय सांगितलं?

‘मामी, दिवा लाव. त्याला नावानं मोठ्यानं हाक मार, खांदे हलव. पाठीमागे हात घालून बसतं कर.’ तिनं केलं. ‘ओठ कसे आहेत?’ ‘काळसर वाटतात गं.’ ‘शेजारच्यांना उठव आणि १०८ ला फोन करायला सांग. तू त्याच्यापासून हलू नकोस.’ मग म्हटलं, ‘आता मोज. फोन कानाला ठेव, आणि छातीकडे नको, नाकाशी हात धरून मोज.’ तिनं मोजलं. पूर्ण मिनिटात सहा. मी सांगत होते तसं ती दर श्वासाला म्हणत होती, ‘अहो, श्वास घ्या. घ्या.’ आणि तो घेत होता. हाकेनं घेत होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पंचवीस मिनिटं तिनं त्याला असा एकेका हाकेवर जागं ठेवलं. त्या पंचवीस मिनिटांत भूलतज्ज्ञ मी नव्हते, मामी होती.

मला तुम्हाला हेच द्यायचंय, ती रात्र येण्याआधी. निदान पहिल्या तीन-चार रात्री रुग्णाच्या खोलीत कोणीतरी हवंच, शक्य असेल तर आठवडाभर. दोघांचंच घर असेल तर पाळ्या लावायला कोणी बोलवा: भाचा, शेजारी, पगारी आया, कोणीही. काय बघायचं? नेहमीपेक्षा मोठं, वेगळं घोरणं. मध्येच येणारी शांतता आणि मग घुसमट. श्वास मोजायचे, जाग्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस असतात. झोपेत दहाच्या खाली गेले तर उठवा. उठल्यावर दोन वाक्यं नीट बोलतो का बघा. ‘आज वार कोणता?’ विचारा. बोलता बोलता परत बुडत असेल, ओठ-नखं निळसर असतील, हाकेनं नीट उठत नसेल, तर बोटाच्या यंत्रावरच्या आकड्याची वाट पाहू नका, १०८ लावा. श्वासच थांबला असेल तर १०८ वरचा माणूस सांगेल तसं छाती दाबायला लागा. घरात ते यंत्र असेल आणि आकडा वारंवार नव्वदच्या खाली जातोय, पण माणूस नीट उठतोय, तर मास्क बघा, कूस बदला, पुढची गोळी देऊ नका, आणि डॉक्टरांना रात्रीच फोन करा. ‘त्यांची झोप मोडेल’ म्हणून थांबू नका, डॉक्टरांचीही नाही आणि रुग्णाचीही नाही.

‘शांत झोपलेत, उठवू नको’ हे वाक्य आपल्या घरांत फार प्रेमानं म्हटलं जातं. ऑपरेशननंतरच्या त्या आठवड्यात उठवणं हेच प्रेम आहे.

मामा पुढच्या वर्षी डाव्या गुडघ्यासाठी गेला तेव्हा मामीनं एक वही केली. पहिल्या पानावर मशीनचा दाब किती, मास्क कोणत्या मापाचा. दुसऱ्या पानावर मामाच्या सगळ्या गोळ्या. तिसरं पान तिनं डॉक्टरांपुढे ठेवलं आणि त्यांना स्वतःच्या हातानं लिहायला लावलं: रात्री दुखलं तर काय द्यायचं, काय द्यायचं नाही, कोणाला फोन करायचा. पुढची पानं तिच्या अक्षरातली. पहिली रात्र, दर तासाला, श्वास किती. ‘१ वाजता १४. २ वाजता १३, मास्क गळत होता, नीट केला. ३ वाजता १४, कूस बदलली.’ तिसऱ्या रात्रीच्या पानावर ३ वाजता तिनं लिहिलंय, ‘१२. स्वप्नात बोलत होते. मास्क ठीक.’

ती वही मामीनं आज माझ्याकडे दिली आहे. मागे दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, आणि शेजारी मामाचं मशीनही आहे. पुष्कळांनी ते हातात घेऊन कधी पाहिलेलं नसतं, त्याचीच भीती असते. जाताना थांबा. मास्क स्वतःच्या नाकाला लावून बघा, आणि ज्यांच्यासाठी तुम्ही मघाशी हात वर केलात त्यांच्याही नाकाला लावून बघा. बटण डाव्या बाजूला आहे. मामीही तिथे बसली आहे. तुमच्या घरी ऑपरेशन ठरलं असेल तर माझ्याआधी तिला विचारा.